सत्तर मिनिटांचा भात

...बरं, काड्या तरी किती द्याव्यात? दोन. तुम्हाला सांगतो, मोजून दोन. अकरा वर्षांच्या मुलीनं उघड्यावर चूल पेटवायची, सहा माणसांचा भात टाकायचा, बटाटे उकडायचे, अंडी उकडायची, वर याहुआ वाटायची, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, ती नसेल तर आमच्या ला पास शहरात माणूस अंड्याकडे ढुंकून बघत नाही, आणि ती दगडावरच वाटलेली लागते, आणि हे सगळं सव्वा तासात, आणि त्यासाठी काड्या दोन. अहो, मी स्वतः घरी गॅस पेटवायला तीन लावतो.

तर हे स्काऊट. लहान मुलांचा कळप असतो, सात ते अकरा, आणि त्याच्या पुढे मोठ्यांची तुकडी. कळपातून तुकडीत जायचं तर ही चुलीची परीक्षा. तुकडीचे प्रमुख ग्रोव्हर, सगळे त्यांना हेफे म्हणतात, म्हणजे साहेबच म्हणा ना, त्यांनी पालकांची सभा घेतली. मी मास्तर माणूस, आमच्याकडे शाळामास्तरालाही प्रोफेसरच म्हणतात, सवयीनं हात वर केला.

"प्रेशर कुकर चालेल?"

"नाही."

"तिसरी काडी?"

"नाही."

"आई-वडिलांनी लांबून, अगदी हळू आवाजात, एखादी..."

"प्रोफेसर, पालकांनी दोरीच्या मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. आणि सहाही ताटं रिकामी होऊन परत आली, तर मूल पास. चव, रंग, रूप, आम्ही काही विचारत नाही. ताट रिकामं."

मी हात खाली घेतला.

मग जाता जाता ते म्हणाले, "आणि परीक्षा जुलैत, खाली युंगासच्या खोऱ्यात. मी तिकडचाच आहे म्हणून सांगतो, खाली सगळं वेगळं असतं, लक्षात ठेवा." आम्ही सगळ्या पालकांनी समंजसपणे माना डोलावल्या, आणि बाहेर पडल्या पडल्या रांगेनं जाऊन डास पळवायचं मलम विकत घेतलं. मी दोन ट्यूब घेतल्या. मला वाटलं, तयारी झाली.

आता तुम्ही म्हणाल, नाही झाली पास तर काय आभाळ कोसळतं? पुढच्या वर्षी होईल. तर नाही. प्रत्येक मुलाला एक पुस्तिका असते, हिरवी, त्यात एकेक पायरी लिहिलेली, पायरी झाली की घरच्यांची सही. आणि जानेवारीपासून नवीन पुस्तिका येणार, जुनी बाद, जे राहिले त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. माझ्या अरासेलीच्या बरोबरीची मुलं गेल्याच वर्षी तुकडीत गेली, तेव्हा आमचं घर कशातच नव्हतं. म्हणून ही एवढी ताडमाड मुलगी अजून कळपात, सात-सात वर्षांच्या पिल्लांमध्ये, फोटोत बघाल तर वाटावं की ही त्यांची बाई आहे. पण त्याचं तिला काही नाही. तिचं म्हणणं एकच. सभेहून आलो, सगळं सांगितलं, तिनं पुस्तिका उघडून बघितली, मिटली आणि म्हणाली, "पापा, मला नवीन पुस्तक नकोय."

त्या पुस्तिकेतल्या पहिल्या चौदा सह्या नॉर्माच्या आहेत. नॉर्मा म्हणजे माझी बायको. येत्या ऑगस्टमध्ये तिला जाऊन दोन वर्षं होतील.

तर पास व्हायचं. या जुलैत. विषय संपला.

दुसऱ्याच दिवशी मी विटा आणल्या. इमारतीच्या गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली, विटांची चूल. निलगिरीच्या काटक्या. आता आमच्या गावात विस्तव पेटवणं म्हणजे काय, तुम्हाला सांगतो. डोंगराच्या वर डोंगर, त्याच्या वर आम्ही. हवा कशी, तर नावाला. पाहुणा येतो तो विमानतळावरच भिंत धरून उभा राहतो. तिथं काटकी पेट घेते का? काटकी आधी विचार करते. मग धुमसते. मग विझते. मग तुम्ही फुंकता, आणि फुंकायलाही छातीत हवा लागतेच, तर ती आधी कुठून तरी गोळा करायची. मी भंगारवाल्याकडून एक लोखंडी नळी आणली, फुंकणी केली, अरासेलीला म्हटलं, "पोटातून फुंकायचं. गालातून नाही. पोटातून." करून दाखवलं. तिसऱ्या फुंकीला माझ्या डोळ्यांपुढे चांदण्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कपडे काढायला आल्या होत्या, त्यांनी माझ्या अंगावर बादलीभर पाणी टाकलं आणि वर म्हणाल्या, "चादरींना धुराचा वास मारतोय, प्रोफेसर, माझा नवरा विचारतो, रात्री कुठे होतीस." मी शर्ट पिळला.

पण मुलगी तयार झाली. तुम्हाला सांगतो, चार रविवारांत तिची फुंक अशी झाली, की लोहाराचा भाता लाजावा. मग मी तक्ता केला. मास्तर म्हटल्यावर तक्ता आलाच. हातात घड्याळ, प्रत्येक रविवारी नोंद, सरासरी काढली, आलेखाच्या कागदावर उतरवून घेतलं, आणि पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं. मी विचारायचो, ती काटक्या रचता रचता सांगायची.

"विस्तव?"

"दहा मिनिटं."

"पाण्याला उकळी?"

"तिसाव्या मिनिटाला."

"उकळीनंतर भात?"

"चाळीस मिनिटं. झाकण काढायचं नाही."

"बटाटे?"

"भाताबरोबर. अंडी शेवटची पंधरा."

"एकूण?"

"सत्तर. पाच मिनिटं हातात राहतात, त्यात याहुआ."

"आणि झाकण?"

"पापा, नाही काढणार झाकण. झोपेत विचारलंत तरी नाही."

सतरा रविवार. सतरा रविवार आम्ही तो भात खाल्ला. पहिले पाच कच्चा, पुढचे चार धुरकट, मग हळूहळू बरा. चौदाव्या रविवारी तिनं झाकण काढलं आणि दाणा न् दाणा सुटा. मी तो कागदावर मांडून बघितला. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना एक वाटी देऊन आलो. त्यांनी दार उघडून वाटी घेतली आणि दार लावलं. एवढंही पुष्कळ.

माझ्या सासूबाई, दोन्या प्रिमितिवा, दोन्या म्हणजे आदरानं बाईसाहेब, दर रविवारी वर गच्चीत येऊन बसायच्या. छोटी मूर्ती, घेरदार झगा, डोक्यावर गोल टोपी, ती टोपी वाऱ्यात हलत नाही, त्यांचं मतही हलत नाही. त्या तक्त्याकडे असं बघायच्या, जसं कोणी बाजारात शिळ्या माशाकडे बघतं.

"हे काय, जावई?"

"तक्ता आहे, दोन्या प्रिमी. कोणत्या मिनिटाला काय."

"आणि भांड्यात बघायचं केव्हा?"

"भांड्यात बघायची गरजच नाही. तक्त्यात आहे ना."

"अस्सं. मी पन्नास वर्षं उगाच भांड्यात बघितलं."

सासू आणि भांडं, या दोन्हींमध्ये पडू नये.

जुलै आला. शनिवारी सकाळी बस. मुलं, पालक, पातेली, फुंकण्या, आणि सगळ्यांच्या अंगाला मलमाचा वास. आधी बस वर चढते, पार खिंडीपर्यंत, तिथं बर्फ, तिथं ड्रायव्हर उतरला, टायरांवर आणि जमिनीवर मद्याचे थेंब शिंपडले, भूमातेला. दोन्या प्रिमींनीही खाली उतरून स्वतःच्या बाटलीतनं शिंपडलं, जरा जास्तच. मी विचारलं, "एवढं?" त्या म्हणाल्या, "तुमचा तक्ताही सोबत आहे ना."

आणि मग बस उतरायला लागली. आता ऐका, इथं मला स्वतःची लाज वाटते, पण सांगतो. खिंडीत अरासेलीच्या हातातली वेफर्सची पिशवी उशीसारखी टम्म फुगली होती. जसजशी बस खाली, तसतशी पिशवी बसत गेली. माझी पाण्याची रिकामी बाटली, वर झाकण घट्ट लावलेली, ती खाली येता येता कडकड वाजून चेपली, कोणी मुठीत आवळल्यासारखी. पोरांना गंमत वाटली. झालं, मास्तर जागा झाला. मी बसमध्ये उभा राहिलो, एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातात बाटली, आणि अख्ख्या बसला धडा दिला. "बघा मुलांनो. वर हवा विरळ, दाब कमी. खाली हवा दाट, दाब जास्त. म्हणून बाटली चेपते. दाबानं सगळं बदलतं. सगळं." असं दोनदा म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. अत्यंत समाधानानं बसलो. माझ्या खिशात तक्ता होता, घडी घातलेला, आणि मला काहीही सुचलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता परीक्षा. नदीकाठी मैदान, संत्र्याची झाडं, उकाडा असा, की आम्ही ला पासची माणसं स्वेटरं काढून कमरेला बांधून बावळटासारखी उभी. दोन झाडांमध्ये दोरी. दोरीच्या मागे पालक, पुढे अरासेली. त्या दिवशी परीक्षेला ती एकटीच. खायला सहा जण, सावलीत ताटं मांडीवर घेऊन बसलेले: हेफे ग्रोव्हर, कळपाच्या प्रमुख बाई बेनिग्ना, आणि तुकडीतली चार मुलं, सकाळपासून उपाशी ठेवलेली, म्हणजे परीक्षेत लबाडी नको.

ग्रोव्हरनी शिट्टी वाजवली. अरासेलीनं काटक्या रचल्या, छान रचल्या, तंबूसारख्या. पहिली काडी ओढली. आणि तुम्हाला सांगतो, काटक्या पेटल्या. लगेच. विचार न करता. ज्याला आम्ही दहा मिनिटं देतो, ते काम दहा सेकंदांत. आता शहाण्या माणसानं काय करावं? मागे सरावं. पण माझी मुलगी शिकलेली. तिनं फुंकणी उचलली, आणि पोटातून, गालातून नाही, पोटातून, सतरा रविवारांचा सगळा श्वास त्या चुलीत सोडला.

भस्सकन ज्वाळ उठली. ग्रोव्हर वाकून बघत होते, मागे उडी मारली तोवर भिवया जरा आखूड झाल्या होत्या. राखेनं मिश्या पांढऱ्या. संत्र्याच्या झाडावरची दोन पाखरं उडाली ती परत आली नाहीत. ग्रोव्हर शांतपणे म्हणाले, "विस्तव पेटला, असं लिहा." बाई बेनिग्नांनी लिहिलं.

मी खूश. मला वाटलं, दहा मिनिटं वाचली. दोन्या प्रिमी माझ्या शेजारी बसल्या होत्या. कुजबुजायला बंदी नव्हती, परीक्षार्थीला ऐकू जाऊ नये एवढंच. थोड्या वेळानं त्या कुजबुजल्या.

"पाणी उकळलं."

मी घड्याळ बघितलं. बारावं मिनिट. "शक्य नाही. तिसाव्याला उकळतं."

"उकळतंय."

"दोन्या प्रिमी, तक्त्यात तिसावं आहे."

"मग पाण्याला तक्ता दाखवा."

अरासेलीनं तांदूळ टाकला, दुसऱ्या पातेल्यात बटाटे टाकले, झाकणं ठेवली, घड्याळ बघितलं, आणि मांडी घालून याहुआ वाटायला बसली. नदीतला गोटा, सपाट दगड, मिरच्या, टोमॅटो. चेहरा कसा शांत. चाळीस मिनिटं, झाकण काढायचं नाही. झोपेत विचारलं तरी नाही.

तांदूळ टाकून पंधरा मिनिटं झाली. भाताच्या झाकणाखालनं काहीतरी पांढरं बाहेर डोकावलं. वीस मिनिटं. बटाट्यांच्या पातेल्यातनं आवाज यायला लागला, बुडबुड नाही, त्याच्या पुढचा, डबक्यात म्हैस बसल्यासारखा. दोन्या प्रिमींनी माझ्याकडे न बघता विचारलं,

"जावई, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे की."

"सांगा तरी. म्हातारीला विसरायला होतं."

"भौतिकशास्त्र," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता थांबलो.

अहो, वीस वर्षं. वीस वर्षं मी दर एप्रिलमध्ये फळ्यावर लिहितो: जितकी उंची जास्त तितका दाब कमी, जितका दाब कमी तितक्या कमी तापमानाला पाणी उकळतं, म्हणून ला पासमध्ये पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांवर उकळतं आणि बटाटा काही केल्या शिजत नाही. खाली खोऱ्यात पंच्याण्णव. तिथं बटाटा बघता बघता शिजतो. हे मी शिकवतो. यावर मी प्रश्न काढतो. पाच गुणांचा. न आलेल्या मुलांना मी ऑगस्टमध्ये शाळा सुटल्यावर थांबवून घेतो. आदल्या दिवशी भर बसमध्ये बाटली हातात घेऊन म्हणालो होतो, दाबानं सगळं बदलतं. दोनदा म्हणालो होतो. आणि माझी मुलगी समोर बसली होती, आणि ला पासचा भात युंगासच्या विस्तवावर चाळीस मिनिटं शिजवत होती, कारण मी सांगितलं होतं.

मी खोकलो. जरा मोठ्यांदा.

ग्रोव्हर लांबून म्हणाले, "प्रोफेसर, खोकलाही नको."

मी उठून दोरीखालनं वाकणार, तोच दोन्या प्रिमींनी माझा पट्टा मागनं धरला. त्यांच्या हाताला काय ताकद आहे, बाजारात पन्नास वर्षं बटाट्यांची पोती उचललीत. "बसा. तुम्ही दोरी ओलांडली, तर ती नापास." मी बसलो. हात मांडीखाली दाबून बसलो. तुम्ही कधी स्वतःच्या चुकीचा वास घेत बसला आहात का? खरपूस नसतो. पेजेचा असतो.

तिशी उलटली. अरासेलीचं वाटून झालं. तिनं नाक वर केलं. वास घेतला. घड्याळ बघितलं. पातेल्याकडे बघितलं. आणि मग ती वळली आणि माझ्याकडे बघायला लागली.

ती विचारत नव्हती. विचारलं तर नापास, तिला ठाऊक होतं. ती नुसती बघत होती. घड्याळ एक सांगतंय, पातेलं दुसरं सांगतंय, आणि पापा तिथं बसलाय. एवढ्या लांबूनही मला दिसत होतं, की ती झाकण काढणार नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवून तिथं उभी राहील, सगळी चाळीस मिनिटं, आणि जानेवारीत नवीन पुस्तक घेईल.

मी खिशात हात घातला. तक्ता काढला. घडी उलगडली, तिला नीट दिसावा असा वर धरला. आणि मधोमध फाडला. मग परत मधोमध. सतरा रविवारांचा आलेख, चार रंगांच्या शाईतला. ग्रोव्हरनी बघितलं. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली, वाचली, मिटली. कागद फाडायला बंदी नव्हती.

अरासेलीनं झाकण काढलं.

आत भात नव्हता. आत जे होतं त्याला भात म्हणणं म्हणजे तांदळाचा अपमान. दुसऱ्या पातेल्यात बटाटे कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं, सांगता आलं नसतं. मला वाटलं, आता रडेल. तिनं काय करावं? तिनं पळी घेतली, दोन्ही पातेली एकात ओतली, आणि घोटायला लागली. सावकाश. एका दिशेनं. मध्ये मध्ये पळी वर उचलून धार बघायची, पाणी घालायचं थोडं, परत घोटायचं, मग बोटावर घेऊन ओठाला लावून बघायचं, गरम किती आहे. असं ओठाला कोण लावून बघतं? दुसऱ्याला भरवायचं असेल तरच.

आजारात शेवटचे चार महिने नॉर्माला तेवढंच जायचं. भात आणि बटाटा घोटून केलेली पातळ लापशी. मी शाळेतून यायचो तेव्हा झाकून ठेवलेली असायची. मी हळूच दोन्या प्रिमींना म्हटलं, "तुमच्याकडून शिकली."

"माझ्याकडून कशाला?" त्या पुढेच बघत म्हणाल्या. "तीच करायची. नऊ वर्षांची होती, हात पुरायचा नाही शेगडीला. मी नुसतं स्टूल धरायचे."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं झाली, आणि मला हे माहीत नव्हतं.

आणि मग तिनं सगळी याहुआ त्यात ओतली. सगळी. सहा माणसांसाठी बारा मिरच्यांची. मी डोळे मिटले. अंडी तेवढ्यात भराभर उकडून, सोलून, वरून चिरून टाकली, अंडी तिनं घड्याळ न बघता काढली आणि ती नेमकी झाली होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्रेसष्टाव्या मिनिटाला तिनं वाढलं. बारा मिनिटं शिल्लक ठेवून.

ग्रोव्हरनी ताटात बघितलं. "अरासेली, इथं लिहिलंय भात, बटाटे, अंडी आणि याहुआ."

"हो, हेफे. भात आहे, बटाटे आहेत, अंडी आहेत, याहुआ आहे."

"कुठे आहेत?"

"एकत्र आहेत."

बाई बेनिग्ना खोकल्या. त्यांना खोकायला बंदी नव्हती. सगळ्यांनी पहिला चमचा घेतला. मी श्वास धरला. आमच्या गावाला श्वास धरायची सवय असते, पण तिथं खाली छातीत इतकी हवा मावते, की धरवेना. पोरं खायला लागली. पोरं उपाशी होती, त्यांनी ती लापशी अशी संपवली, की एकीनं ताट चाटलं, ते कोणी मोजलं नाही, पण मी बघितलं. नाकं लाल, डोळ्यांत पाणी, घाम गळतोय, आणि चमचा थांबत नाही. चार ताटं रिकामी. बाई बेनिग्नांनी टोपीनं वारा घेत घेत पाचवं संपवलं. राहिलं सहावं.

ग्रोव्हरनी अर्ध्यावर चमचा खाली ठेवला.

मैदानात नदीचा तेवढा आवाज. अरासेली पळी धरून उभी. ग्रोव्हर ताटाकडे बघतायत, लाल झालेत, आखूड भिवयांखालनं धारा लागल्यात. आणि माझ्या शेजारी काहीतरी हललं. दोन्या प्रिमी उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत. दोरी ओलांडली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, पावणेपाच फूट, वर टोपी, दोन्ही हात कमरेवर, आणि ग्रोव्हरकडे बघायला लागल्या.

"दोन्या, बसा," ग्रोव्हर म्हणाले. आवाज फुटत नव्हता त्यांचा. "सोडत नाहीये. तिखट आहे. दम घेतोय."

त्यांनी दम घेतला. पाणी प्यायले. आणि सहावं ताट पुसून कोरडं केलं, आणि मग, हे मी शपथेवर सांगतो, पातेल्यात वाकून बघितलं, उरलंय का.

पुढचं सगळं भराभर झालं. कळपातली पिल्लं दोन रांगा करून उभी राहिली, ही ताडमाड मधनं चालत गेली, एकेकाच्या डोक्यावर टपली मारत. पलीकडे तुकडीनं तिच्या गळ्यात नवा रुमाल बांधला. दोन्या प्रिमी रडल्या आणि म्हणाल्या, मिरची हवेत आहे. बाई बेनिग्ना ती हिरवी पुस्तिका घेऊन माझ्याकडे आल्या. शेवटची ओळ. घरच्यांची सही. वरती त्या चौदा, तिरक्या, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं. मी सही केली. पेन जरा अडखळलं. खाली हवा दमट असते, दमट हवेत कागद ओलसर होतो आणि पेनं अडखळतात. हे भौतिकशास्त्र आहे.

अरासेलीनं पुस्तिका घेतली, शाईवर फुंकर मारली, हळू, गालातून, आणि पिशवीत ठेवली. पापाला मिठी वगैरे काही नाही. "पापा," म्हणाली, "तक्ता छान होता. फक्त जागा चुकली." मी म्हटलं, हो.

आता तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा. मलाही वाटलं. विटा गच्चीवरून उतरवाव्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची माफी मागावी, रविवारी सकाळी झोपावं. पण तुकडीत गेलं की तुकडीची पुस्तिका मिळते. ही निळी. जाडी बघाल तर घाबराल. आणि तिची पहिलीच पायरी काय असावी? 'घरातल्या एका मोठ्या माणसाला एक पदार्थ शिकवणे. त्यानं तो एकट्यानं, मदतीशिवाय करून दाखवला पाहिजे.' सही कोणाची? शिकवणाऱ्याची.

घरात मोठं माणूस एकच आहे. दोन्या प्रिमींना मी विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "मला येतं."

तर दर रविवारी मी गच्चीवर चुलीपुढे बसतो. काड्या दोन. कागदाला बंदी, घड्याळ काढून घेतलेलं, भांड्यात बघायचं, असं सांगितलंय. ती कपडे वाळत घालायच्या दोरीच्या पलीकडे स्टुलावर बसते, निळं पुस्तक मांडीवर, आजी शेजारी, आणि हल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा खुर्ची घेऊन येतात. ताट त्यांच्यापुढे ठेवायचं असतं. ते रिकामं झालं पाहिजे.

तीन रविवार झाले. तीनही वेळा नापास. मी तिला म्हटलं, अगं, आता सही करून टाक, बाकीच्या पायऱ्या खोळंबल्यात. तर म्हणाली, "घाई काय आहे, पापा. ताट अजून भरलेलं आहे."